वापरलेलं सेको एसकेएक्स००७ घेतलंय, रोज घालायचंय. पाण्यात नेऊ का?

काठावरचा यांचा प्रश्न:

मंडळी, खूप दिवस मनात असलेलं ऑटोमॅटिक डायव्हर (सेलशिवाय चालणारं, पाण्याखाली नेता येईल असं घड्याळ) शेवटी घेतलं, सेको एसकेएक्स००७, पण वापरलेलं. कंपनीने ते २०१९ मध्येच बंद केलंय आणि न वापरलेले पीस ज्यांच्याकडे पडून आहेत ते सांगतात ती रक्कम मला झेपणारी नव्हती. घड्याळ एकदम मस्त आहे, केसवर ओरखडे आहेत पण मला ते आवडतात, काच बरी आहे, बेझल (काचेभोवतीची फिरती रिंग) टकटक वाजत फिरतं, अंधारात तर काटे असे चमकतात की बघत बसावं.

मला हे कपाटात ठेवायचं नाहीये, रोजचं एकच घड्याळ म्हणून घालायचंय. म्हणजे काम करताना, गाडीवर, पोहताना, आणि पुढेमागे स्कुबा शिकेन तेव्हाही. शंका अशा की एक तर हे दिवसाला साधारण वीस सेकंद पुढे जातं, आजवर सेलवालं वापरल्यामुळे हे चालतं की बिघाड आहे तेच कळेना. दुसरं म्हणजे शनिवार-रविवार काढून ठेवलं की सोमवारी सकाळी बंद, आणि चावी द्यायला गेलं तर ती नुसती गोल फिरते, भरल्यासारखी वाटतच नाही. आणि मुख्य शंका, डायलवर "डायव्हर्स २०० मी." लिहिलंय पण इतक्या जुन्या घड्याळाच्या बाबतीत त्यावर विसंबायचं का? कोणी म्हणतं अंघोळीलासुद्धा काढून ठेव, कोणी म्हणतं बिनधास्त घाल. ज्यांच्याकडे आहे त्यांनी नीट सांगा प्लीज.

---

सेकंदकाटा:

अभिनंदन, फार चांगलं घड्याळ घेतलंत. पाण्याचं जाणकार सांगतीलच, मी मशीनचं सांगतो.

वीस सेकंद म्हणजे बिघाड नाही. आत ७एस२६ नावाचं मशीन आहे, तासाला २१,६०० ठोके, म्हणजे दिवसाला पाच लाखांच्या वर. दिवसात ८६,४०० सेकंद, त्यात वीसचा फरक म्हणजे हजार सेकंदांमागे पाव सेकंदसुद्धा नाही, आणि हे सगळं केसाएवढ्या बारीक स्प्रिंगवर चालतं. याच घराण्यातलं पुढचं मशीन ४आर३६, त्यालाही कंपनी स्वतः दिवसाला +४५ ते -३५ सेकंद एवढी सूट देते. त्यापेक्षा कमी हवं असेल तर घड्याळजी मागचं झाकण उघडून रेग्युलेटरची पट्टी किंचित सरकवून देतो, पण केवळ तेवढ्यासाठी झाकण उघडू नका, सर्व्हिसिंगच्या वेळी करून घ्या. तोवर एक करून बघा, रात्री काढून ठेवताना एकदा डायल वर, एकदा चावी वर, एकदा चावी खाली असं ठेवा आणि सकाळी मोबाइलशी ताडून पहा. प्रत्येक स्थितीत बॅलन्सच्या (वेग राखणाऱ्या झुलत्या चाकाच्या) टोकांवर घर्षण वेगळं पडतं त्यामुळे वेग बदलतो. मागे पडणारी स्थिती सापडली की दिवसभरात पुढे गेलेले सेकंद झोपेत बरेचसे वळते होतात.

काळजी कधी करायची? अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जायला लागलं तर. बहुतेक वेळा ते चुंबकामुळे होतं, स्पीकर, टॅबलेटचं कव्हर, बॅगेची चुंबकाची कडी यांच्याजवळ राहून हेअरस्प्रिंगचे, म्हणजे त्याच बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात. चुंबकत्व काढायला डीमॅग्नेटायझर असतो, काही सेकंदांचं काम.

आता चावीचं. ७एस२६ ला चावी देता येतच नाही, तशी सोयच त्यात नाही, चावी फक्त वार, तारीख आणि वेळ लावायला. ती ओढल्यावर सेकंदकाटा थांबतही नाही. सगळी भरणी हाताच्या हालचालीवर. आत रोटर, म्हणजे हात हलला की फिरणारं वजन, आहे आणि त्याला मॅजिक लिव्हर, म्हणजे दोन नख्यांची एक छोटीशी पट्टी, एक नखी ढकलते आणि दुसरी ओढते त्यामुळे रोटर कुठल्याही बाजूला फिरला तरी स्प्रिंग भरते. सेकोने ही पट्टी १९५९ मध्ये आणली आणि अजून तीच चालू आहे. पूर्ण भरलं की चाळीस तासांच्या आसपास चालतं, म्हणून शुक्रवारी रात्री काढलेलं सोमवारी बंदच मिळणार. आडवं धरून हळूच डावी-उजवीकडे झुलवा, काटा चालू झाला की वेळ लावून हातात घाला. जोरजोरात झटके देऊ नका.

तारखेचं मात्र जपा. रात्री ९ ते १ या वेळात तारीख चटकन बदलायची सोय वापरायची नाही, त्या वेळी आतली दाती तारखेच्या चाकात अडकलेली असते, तुटू शकते. बंद पडलेल्या घड्याळात दहा वाजलेत ते सकाळचे की रात्रीचे हे कसं कळणार? काटे पुढे फिरवत न्या, तारीख उडाली की मध्यरात्र. मग काटे तसेच सकाळी सहापर्यंत आणा, तारीख-वार आदल्या दिवसाचे लावा आणि नंतर काटे पुढे नेत आजच्या वेळेवर या.

---

खोलपाणी:

पाण्याचं मी सांगते, मी बरीच वर्षं डाइव्ह करते आणि मनगटावर अशीच साधी ऑटोमॅटिक असते.

नुसतं "वॉटर रेझिस्टंट" आणि "डायव्हर्स" यात मोठा फरक आहे. "डायव्हर्स" लिहायचं तर आयएसओ ६४२५ हा डायव्हिंग घड्याळांचा आंतरराष्ट्रीय नियम पाळावा लागतो, त्यात चार नमुने काढून चालत नाही, एकूण एक घड्याळ दाबाखाली तपासतात, तेही लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाने. म्हणजे तुमचं कारखान्यातून निघताना २५० मीटरच्या दाबाला उतरलंय. शिवाय खाऱ्या पाण्यात ठेवणं, धक्का, चुंबक, अंधारात २५ सेंटीमीटरवरून वाचता येणं, पट्ट्याची ओढ, हेही त्या नियमात आहे. हौशी स्कुबाची मर्यादा ४० मीटर, दर दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो, तर तिथे पाण्याचा दाब चार बार आणि घड्याळ वीसचं. आणि पोहताना हात आपटला की दाब कित्येक पटीने वाढतो असं जे सगळीकडे फिरतं त्यात तथ्य नाही. हात पाण्यात सेकंदाला १० मीटर वेगाने मारला, म्हणजे कुठल्याही पोहणाऱ्यापेक्षा जास्त वेगाने, तरी वाढणारा दाब अर्धा बार होतो.

पण हे सगळं कारखान्यातून निघालेल्या घड्याळाचं झालं. तुमचं आज कसं आहे ते डायल सांगू शकत नाही. पाणी अडवतं ते स्टील नाही, रबर अडवतं. मागच्या झाकणाखाली एक गॅस्केट, चावीत एक, काचेखाली एक. कुकरच्या रिंगसारखंच आहे ते, वर्षं गेली की कडक होतं, चपटं होतं. त्यात एसकेएक्स हे लोकांनी सगळ्यात जास्त उघडून काटे, डायल, काच बदललेलं घड्याळ आहे. झाकण परत लावताना गॅस्केट जरासं चिमटलं गेलं असेल तर बाहेरून काहीही दिसत नाही.

वय आधी बघा. मागच्या झाकणावर सहा आकडी नंबर आहे, पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना, नोव्हेंबरला एन आणि डिसेंबरला डी. आता ७ ने सुरू होत असेल तर १९९७, २००७ की २०१७ हे नुसत्या नंबरावरून ठरत नाही कारण हे मॉडेल १९९६ पासून येतंय, घड्याळाच्या एकूण अवस्थेवरून अंदाज बांधावा लागतो. डायलच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात ७एस२६ आणि झाकणावर ७एस२६-००२० दिसतंय का तेही बघा.

मग घड्याळजीकडून तिन्ही गॅस्केट नवीन, त्यांना सिलिकॉन ग्रीस, आणि प्रेशर टेस्ट. कोरडी टेस्ट असते, यंत्रात हवेचा दाब देतात आणि केस किंचित दबते ती तशीच राहते की हळूहळू मूळ जागेवर येते ते मोजतात. परत आली तर हवा आत शिरतेय. घड्याळ ओलं होत नाही त्यामुळे भीती नाही. "गॅस्केट टाकलंय, टेस्टची गरज नाही" असं कोणी म्हणालं तर दुसरीकडे जा, टेस्टशिवाय पाण्यात नेऊच नका.

आत दमट हवा आधीच आहे का हे घरी कळतं. घड्याळ हाताला गरम लागेल इतपत कोमट होऊ द्या, चाळीसेक अंश पुरे, आणि काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवा. मिनिटभराने पुसून दिव्याखाली तिरकं धरून बघा. थेंब होता तेवढ्याच जागी काचेच्या आतून धुरकट डाग दिसला तर आत ओल आहे. डाग दिसला तर घालू नका. नाही दिसला तरी हे प्रेशर टेस्टच्या जागी धरू नका, आत ओल नाही एवढंच त्यावरून कळतं.

सवयी सांगते. चावी पूर्ण आवळलेली हवी, पाण्यात उतरायच्या आधी बोटाने बघायचंच. आवळताना आधी दाबून जरा उलटी फिरवा, आटे बसल्याची बारीक टक जाणवते, मग सुलटी. अशाने आटे झिजत नाहीत. पाण्यात चावीला हात नाही. गरम शॉवर आणि वाफ टाळा, गार पाण्याची अंघोळ चालेल, खोलीमुळे नाही तर उष्णता आणि साबण रबराला मारक म्हणून. समुद्रातून आलात की गोड्या पाण्यात धरून बेझल गोल गोल फिरवा, खाली मीठ सुकलं की ते जाम होतं.

आणि ते बेझल शोभेचं नाही हो. खाली उतरताना त्याचा त्रिकोण मिनिटकाट्यावर आणायचा, पुढे काटा ज्या आकड्यावर तेवढी मिनिटं झाली. ते एकाच दिशेला फिरतं ते मुद्दाम, चुकून धक्का लागला तर झालेला वेळ जास्तच दिसेल, कमी कधीच नाही. म्हणजे माणूस लवकर वर येईल. मला या एका कल्पनेसाठी ही घड्याळं आवडतात.

---

नवा_स्क्रू:

ताईंचं पटलं. मी म्हणेन झाकण उघडणारच आहात तर मशीन एनएच३६ करून टाका आणि काच सफायर. एनएच३६ म्हणजे सेकोच दुसऱ्या कंपन्यांना विकते ते ४आर३६ चं भावंड, चावीही देता येते आणि सेकंदकाटाही थांबतो, सोमवारची कटकटच संपली.

---

सेकंदकाटा:

@नवा_स्क्रू, करता येतं, पण मी करणार नाही. एसकेएक्सची चावी ३ वर नसून ४ च्या जवळ आहे, त्यामुळे त्याची वार-तारखेची चाकं वेगळ्या कोनात छापलेली असतात, तयार एनएच३६ तसंच टाकलं तर खिडकीत आकडे नीट बसत नाहीत, जुनी चाकं काढून लावावी लागतात किंवा तशाच कोनाची आणावी लागतात. हे ज्याने आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्यावं. आणि चालू ७एस२६ काढायचं कशाला? तेल घालून, साफ करून ते वर्षानुवर्षं चालतं. बिघडलं तर बदला.

काचेबद्दल, सफायरवर ओरखडा पडत नाही हे खरं, पण ती ठिसूळ असते, कडेवर जोरात आदळली तर तुकडा उडतो. मूळची हार्डलेक्स (सेकोची स्वतःची मिनरल काच) ओरखडते पण आपटल्यावर तग धरते. हे ज्या हातावर राहणार आहे, म्हणजे काम, गाडी वगैरे, तिथे मला हार्डलेक्सच बरी वाटते.

---

रबरी_पट्टा:

ज्यांना हे जुनं मिळत नाही त्यांच्यासाठी लिहितो. नवीन सेको ५ स्पोर्ट्स दिसायला अगदी याच्यासारखं आहे पण ते १०० मीटरचं आणि चावी आट्यांची नाही, पोहायला ठीक पण डायव्हर नव्हे, हे घेण्याआधी माहीत असू द्या. ओरिएंट कमासूला सफायर काच येते आणि चावीही देता येते. सिटिझन प्रोमास्टर एनवाय००४० ची चावी ८ वर आहे, मनगट वाकवलं की हाताला टोचत नाही.

माझ्याकडे व्होस्टोक अँफिबिया आहे, १९६७ पासूनचं सोव्हिएत डिझाइन, २०० मीटरचं. त्यात दाबाशी झगडायच्या ऐवजी दाबाचाच उपयोग केलाय, जाड अ‍ॅक्रिलिक काच खोल गेल्यावर दबते आणि सीलवर आणखी घट्ट बसते. चावी उघडली की लुळी पडल्यासारखी हलते, ते घाबरण्यासारखं नाही, मुद्दाम तशी ठेवलीय म्हणजे आपटली तर धक्का आतल्या दांड्यापर्यंत जात नाही. तारीख बदलायला मात्र काटे रात्री ८ ते १२ च्या मध्ये मागेपुढे करत बसावं लागतं, त्याला धीर हवा.

---

काठावरचा:

सगळ्यांचे मनापासून आभार. नंबर पाहिला, ० ने सुरू होतो आणि पुढे ५ आहे. मशीन आहे तेच ठेवतो. थेंबाची टेस्ट केली, डाग नाही, तरी गॅस्केट आणि प्रेशर टेस्ट करून घेतो आणि तोवर पाण्यापासून लांब. एकच राहिलं, याच्यासोबत आलेला रबरी पट्टा कडक होऊन चिरलाय. नायलॉनचा एकसंध नाटो पट्टा घेऊ की रबरीच? रबरी पट्ट्यावर त्या वळ्या कशाला असतात?

---

खोलपाणी:

० आणि ५ म्हणजे २००० किंवा २०१० चा मे, गॅस्केट बदलाच.

वळ्या कामाच्या आहेत. वेटसूट (डाइव्हचा जाड रबरी पोशाख) खोल गेल्यावर दाबाने पातळ होतो, सुटावरून बांधलेला पट्टा मग सैल पडून घड्याळ मनगटावर फिरायला लागतं. वळ्या आधी ताणून बांधल्या की त्या आपोआप आवळून घेतात. रोजच्याला नाटो उत्तम, तो दोन्ही स्प्रिंगबारखालून (पट्टा केसला अडकवणाऱ्या दांड्यांखालून) जातो त्यामुळे एक बार निघाला तरी दुसऱ्यावर घड्याळ हातातच राहतं. रुंदी २२ मिमी घ्या. आणि सेकोच्या डायव्हरना जाड, २.५ मिमीचे स्प्रिंगबार येतात, आधीच्या मालकाने बदलून बारीक टाकलेत का ते पट्टा काढाल तेव्हा बघून घ्या. बारीक असले तर पट्ट्याच्या आधी ते बदला.