तेल भरताना बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज सोसतं ते) ५८ केव्ही, चौथ्या दिवशी ३१. कॉइल सुकवताना कुठं चुकतंय?

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं डीपी (ट्रान्सफॉर्मर) दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. शेतीपंपांच्या ६३ आणि १०० केव्हीएच्या डीपी जास्त येतात. रिवाइंडिंग झालं की कोअर-कॉइल ओव्हनला १०० अंशावर २४ तास ठेवतो, मग फिल्टर केलेलं तेल भरतो. व्हॅक्यूमची सोय नाही.

तेल भरतो त्या दिवशी टेस्टरच्या २.५ मिमी गॅपवर ५८ केव्ही. चौथ्या दिवशी त्याच टाकीतून नमुना काढला तर ३१! तेल बदलून पाहिलं, तरी तेच. पावसाळा असता तर समजलं असतं, पण एप्रिलात सोलापुरात ओलावा येतो कुठून?

कारागीर म्हणतो ओव्हन १४० वर न्या. आणि टाकीलाच व्हॅक्यूम पंप जोडला तर चालेल का?

प्रतिसाद १
१४० वर अजिबात नेऊ नका दादा, कॉइलवरचा इन्सुलेशनचा कागद करपून ठिसूळ होईल. तुमचं तेल चांगलंच आहे, पाणी कागदात राहतंय. क्राफ्ट पेपर वरून लवकर सुकतो, जाड प्रेसबोर्डच्या (इन्सुलेशनच्या पुठ्ठ्याच्या) पोटातलं पाणी निघायला वेळ लागतो. ते राहिलं की नंतर हळूहळू तेलात उतरतं.

घड्याळ बघून ओव्हन बंद करू नका, मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) बघून करा. तापमान तेच ठेवून दर दोन तासांनी रीडिंग लिहा. आधी ते पडेल (तिथंच लोक घाबरतात), मग चढायला लागेल. चढून दहा-बारा तास एका जागी थांबलं की सुकलं समजा. आणि बाहेर काढल्यावर चहाला जाऊ नका, लगेच टाकीत घालून तेल भरा. कोरडा कागद हवेतलं पाणी ओढतोच.

प्रतिसाद २
टाकीला पंप लावायची चूक आम्ही केलीय. पातळ पत्रा, डब्यासारखा आत बसला. व्हॅक्यूम हवाच असेल तर वेगळा मजबूत चेंबर करा. फायदा मोठा आहे, पाणी कमी तापमानाला उकळतं आणि कागदातली हवाही निघते. हवेचे बुडबुडे राहिले की तिथंच डिस्चार्ज (बारीक ठिणग्या) सुरू होतो. तोवर तेल कोमट करून खालच्या व्हॉल्व्हने सावकाश चढवा. भरल्यावर एक दिवस मुरू द्या, मगच टेस्टिंग.

बाकी, प्रेसबोर्ड ठेवता कुठं?

मूळ प्रश्नकर्ता
आता लाज वाटतेय. मागच्या भिंतीला टेकवून. भिंतीपलीकडं टॉवेलचं डाईंग युनिट आहे, वाफेनं भिंत बारमाही ओली. आजच सगळा माल उचलून माळ्यावर टाकला. उद्या एक १०० केव्हीए लावतोय ओव्हनला, मेगरची वही घेऊन बसतो. रीडिंग इथंच टाकेन.