मदत हवी आहे: जास्वंदीच्या जवळून घेतलेल्या फोटोत केसर धूसर येतात आणि पाकळ्यांचा नुसता लाल गोळा होतो

आसरा_चौक
नमस्कार. गल्लीतील जास्वंदीचे फूल पूर्ण चौकट व्यापेल इतक्या जवळून टिपण्याचा प्रयत्न मी गेले चार दिवस करीत आहे. मधल्या दांड्याचे टोक स्पष्ट आले तर त्याखालचे केसर धूसर होतात, आणि पाकळ्यांवरील शिरा तर मुळीच दिसत नाहीत, सगळा लाल रंग एकसारखा माखल्यासारखा येतो. शनिवारपर्यंत एक तरी चांगला फोटो हवा आहे. कृपया नेमका उपाय सांगावा. ‘सराव करत राहा’ हा सल्ला मला आतापर्यंत तिघांनी दिला आहे.

विजापूर_रोडकर
कॅमेरा कोणता, लेन्स कोणती आणि फोटो किती वाजता काढता, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय नेमका उपाय कसा सांगणार?

खिशातला_कॅमेरा
कॅमेऱ्याची आवश्यकताच नाही. मी सिद्धेश्वर तलावाच्या काठावरील सगळी फुले मोबाइलवर टिपली आहेत. फुलाला मोबाइल अगदी चिकटवू नका, हातभर मागे सरून दुप्पट झूम करा आणि पडद्यावर केसरांच्या जागी बोट दाबून धरा, म्हणजे फोकस तेथेच स्थिर राहतो.

विजापूर_रोडकर
दादा, मोबाइलवर चांगले फोटो येतात हे मलाही मान्य आहे, पण ताईंच्या हातात काय आहे हे कळण्याआधीच त्यांना ते खाली ठेवायला सांगणे योग्य नाही.

आसरा_चौक
क्षमस्व, हे सगळे सांगण्याची गरज वाटली नव्हती. कॅमेरा कॅननचा आहे आणि लेन्स ५० मिमी एफ १.८ एसटीएम. जवळ जाता यावे म्हणून कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये एक स्वस्त रिंग (एक्स्टेंशन ट्यूब) लावली आहे. शाळेतून घरी आल्यावर साडेबाराच्या सुमारास फोटो काढते. रिंग लावल्यापासून लेन्सची कडी फिरवूनही फोकस बदलत नाही, पण त्याचा या प्रश्नाशी संबंध नसावा.

परसबाग_होटगी_रोड
जास्वंदीवर पांढरा कापूस दिसत असेल तर तो पिठ्या ढेकूण असतो. एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. कळ्या गळणे थांबले की फुलेही मोठी येतात.

विजापूर_रोडकर
ताई, ज्याचा संबंध नसावा असे आपण म्हणता तेथेच सगळी गोम आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अ‍ॅपर्चरच्या (लेन्समधून प्रकाश आत येण्याच्या छिद्राच्या) जागी ०० दिसते का, ते पाहा. दिसत असेल तर आपल्या रिंगमध्ये विजेचे संपर्कबिंदू नाहीत. एसटीएम लेन्सची फोकसची कडी कॅमेऱ्याकडून मिळणाऱ्या विजेवर चालते, म्हणून ती निर्जीव झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अ‍ॅपर्चर एफ १.८ वर (एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे) पूर्ण उघडे राहिले. फुलाची प्रतिमा सेन्सरवर निम्म्या आकाराची पडत असेल तर एफ १.८ ला अर्धा मिलिमीटर खोलीसुद्धा स्पष्ट येत नाही. एफ ८ ला साधारण दोन मिलिमीटर मिळतात. केसर धूसर येतात ते यामुळे, आपला हात वाईट आहे म्हणून नव्हे.

संपर्कबिंदू असलेली रिंग मिळाली तर उत्तम. तोपर्यंत असे करा: रिंग काढून लेन्स थेट कॅमेऱ्याला लावा, अ‍ॅपर्चर एफ ८ ठेवा, डेप्थ-ऑफ-फील्ड प्रिव्ह्यूचे बटण (ठरवलेले छिद्र फोटोआधीच मिटवून दाखवणारे) दाबून धरा आणि ते दाबलेले असतानाच लेन्स सोडवा. छिद्राची पाती मिटलेल्या स्थितीतच राहतात. मग रिंग लावून कॅमेराच पुढेमागे सरकवत फोकस साधा.

खिशातला_कॅमेरा
चालू कॅमेऱ्यातून लेन्स काढायला लावणे मला धोक्याचे वाटते. सोलापूरची धूळ आपल्याला ठाऊक आहे.

विजापूर_रोडकर
म्हणूनच हे घरात, पंखा बंद करून आणि कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून करावे.

चित्रकला_शिक्षक_निवृत्त
केसरांचा उलगडा झाला, परंतु लाल गोळ्याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. मार्चअखेरच्या आपल्या साडेबाराच्या उन्हात लाल पाकळीतून येणाऱ्या प्रकाशाने सेन्सरची केवळ लाल वाहिनी काठोकाठ भरते. एकूण उजेडाचा आलेख ठीक दिसतो, पण लालचा वेगळा आलेख पाहिला तर तो उजव्या भिंतीला टेकलेला असतो. शिरांचा तपशील तेथेच नष्ट होतो आणि नंतर संगणकावर परत आणता येत नाही. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, टिपावे आणि सकाळी सात-साडेसातला फुलावर पातळ पांढरे धोतर ताणून धरावे. फुलामागे दोन हातांवर एखादी गडद हिरवी चादर वाळत टाकली तर कुंपणाच्या तारा आणि मागच्या गाड्या दिसेनाशा होतील. चादर आपल्या गावात शोधावी लागणार नाही.

आणखी एक सांगावेसे वाटते. इमोजन कनिंगहॅम या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी लहान मुले सांभाळत असताना घरच्या बागेतीलच वनस्पती टिपल्या आणि त्यांचे १९२५ सालचे मॅग्नोलियाचे फूल आजही अभ्यासले जाते. त्यात संपूर्ण फूल चौकटीत नाही. आपणही अख्खे फूल दाखवण्याचा आग्रह सोडून पाहावा. जास्वंदीच्या दांड्याच्या टोकाशी मखमलीसारख्या पाच गोल कुक्षी (परागकण झेलणारी टोके) असतात आणि त्यांच्याखाली पिवळे परागकोश. तेवढ्यावर दृष्टी स्थिरावली तर पाकळ्या नुसती लाल पार्श्वभूमी म्हणूनही शोभतील.

परसबाग_होटगी_रोड
फूल तोडून घरात खिडकीशी ठेवले तर वाऱ्याचा प्रश्नच उरणार नाही.

चित्रकला_शिक्षक_निवृत्त
फूल तोडण्यास माझा विरोध आहे. देठ सुती दोऱ्याने बांबूच्या काडीला सैल बांधावा, तेवढे पुरते. आणि एवढी घाई का? पावसाळ्यात ढगांच्या मऊ उजेडात जास्वंद अधिक खुलते.

आसरा_चौक
सर, पावसाळ्यापर्यंत थांबता येणार नाही. ही जास्वंद शेजारच्या काकूंची आहे. त्यांनी बावीस वर्षांपूर्वी ती लावली आणि रोज सकाळी आमच्या देवांसाठीही पाच फुले ठेवत आल्या. रविवारी त्या मुलाकडे पुण्याला कायमच्या जात आहेत. त्यांना बारा बाय अठरा इंचांची फ्रेम द्यायची आहे. फूल तोडणार नाही. आणि होय, पडद्यावर ०० च दिसते.

विजापूर_रोडकर
हे आधी सांगितले असते तर बरे झाले असते, ताई. त्या आकाराच्या छपाईला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण दोन कोटी पिक्सेल लागतात. आपला कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर कडा कापण्यास फारसा वाव नाही, त्यामुळे चौकट जागेवरच नीट बांधा. छपाईवाल्याला फाइल पेनड्राइव्हमधून द्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवल्यास ती लहान होते.

आसरा_चौक
आज शुक्रवारी सकाळी सव्वासातला फोटो काढले. धोतर काकूंनीच धरले होते, कशासाठी ते त्यांना सांगितले नाही. बटणाची युक्ती दुसऱ्या प्रयत्नात जमली. साठ फोटोंपैकी तीन चांगले आले. त्यांतील एकात पाचही कुक्षी स्पष्ट आहेत आणि खालच्या पाकळीवर सांडलेले परागकण सुटे सुटे मोजता येतात. पाकळीच्या शिराही दिसतात. तोच छपाईला दिला आहे. विजापूर रोडचे दादा आणि सर, आपले मनापासून आभार. चमकदार कागद घ्यावा की मॅट, एवढे आज संध्याकाळपर्यंत कोणी सांगेल का?

चित्रकला_शिक्षक_निवृत्त
मॅट घ्या. फ्रेमला काच असणारच, चमकेवर चमक नको.