ह्यू लॉरी: हरहुन्नरी, की भाराभर चिंध्या?

घोडबंदरकर
'हाउस' ही एका तिरकस डॉक्टरची अमेरिकन मालिका पुन्हा सलग पाहून संपवली. २००४ ते २०१२, आठ सीझन, १७७ भाग. तो डॉक्टर साकारणाऱ्या ह्यू लॉरीच्या तोडीचा नट टीव्हीवर मी पाहिलेला नाही. या भूमिकेने त्याला दोन गोल्डन ग्लोब दिले. आणि ऐन भरात, २०११ मध्ये, हा माणूस ब्लूज गाण्यांचा अल्बम काढतो. २०१३ मध्ये दुसरा. त्याआधी १९९६ मध्ये कादंबरी लिहिलेली. दिग्दर्शन म्हणाल तर याच मालिकेचे दोन भाग, बस्स. एक ना धड, भाराभर चिंध्या. ती ताकद अभिनयातच लावायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

नौपाडा_रसिक
ठाण्यात राहून असं म्हणता? आपली दोन नाट्यगृहं कोणाच्या नावाची आहेत ते बघा. राम गणेश गडकरी नाटककार, कवितेला 'गोविंदाग्रज', विनोदाला 'बाळकराम'. काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर. संगीत नाटकाच्या काळात तर गळा नसेल तर नायकाची भूमिका मिळणं कठीण होतं. गाणारा नट आपल्याला परका कधीपासून झाला?

कोपरीची_मीनल
दादा, घाणेकर लोकांना आठवतात ते लाल्या आणि संभाजी म्हणून, दाढा काढल्या म्हणून नाही. तुमचंच उदाहरण घोडबंदरकरांच्या बाजूने जातं. माझा आक्षेप वेगळा आहे. ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी सोसलेल्याचं गाणं. ईटन आणि केंब्रिजमध्ये शिकलेल्या इंग्रजाने ते का गावं? टीव्हीवरचं नाव नसतं, तर तो अल्बम कोणी काढला असता?

कळव्याचा_पेटीवाला
मीनलताई, प्रश्न रास्त आहे. नावाचा फायदा झालाच असणार. पण आपण ब्लूजच्या मुलखात, अलाबामात जन्मलेलो नाही, हे त्याने अल्बमसोबतच्या टिपणात स्वतःच लिहून टाकलंय. तो एकटाही बसलेला नाही. ब्रास वाद्यांची रचना ॲलन टूसाँची, सोबत गायला डॉ. जॉन आणि अर्मा थॉमस. न्यू ऑर्लिन्सची, म्हणजे त्याच मुलखातली, ही मंडळी. घरच्या माणसांत जाऊन, त्यांच्याकडून शिकत गाणं याला मी उसनवारी म्हणणार नाही.

आणि घोडबंदरकर, गाणं मध्येच उपटलेलं नाही हो. १९९० च्या 'जीव्ज अँड वूस्टर' या विनोदी इंग्रजी मालिकेमध्ये तो बर्टी वूस्टर बनून पियानोवर गातोच आहे. 'हाउस'मध्येही रात्री घरी एकटा पियानो वाजवतो, ते प्रसंग आठवा. तिथे संवाद नाही, तरी त्या डॉक्टरचं एकटेपण कळतं. मी तीस वर्षं पेटीची साथ करतोय. कुठे थांबायचं हे ज्याच्या बोटांना कळतं, त्याला संवादातही कळतं. त्याचे ते तिरकस टोमणे लयीत पडतात, ते यामुळेच. गाणं काढून घेतलंत तर तुमचा आवडता डॉक्टरही अर्धा होईल.

घोडबंदरकर
पियानोच्या प्रसंगांचं मान्य. ते मी अभिनय म्हणूनच पाहिले होते, वाजवणारा तो स्वतः आहे हे डोक्यातच आलं नाही. दिग्दर्शनाबद्दल मात्र मागे हटणार नाही. दोन भागांवरून कोणी दिग्दर्शक ठरत नाही. अल्बम कुठून ऐकायला सुरुवात करू?

कळव्याचा_पेटीवाला
पहिल्यातलं पहिलंच, 'सेंट जेम्स इन्फर्मरी'. सुरुवातीला बराच वेळ नुसता पियानो आहे. पुढे ढकलू नका.