स्मार्ट मीटरसोबत घरात वेगळा डिस्प्ले हवा का?

हिशेबनीस:

स्मार्ट मीटरवरचा वाद बहुधा बिल वाढले की घटले या एकाच प्रश्नाभोवती फिरतो. मला चर्चा हवी आहे ती त्याच्या जोडीने घरात ठेवता येणाऱ्या छोट्या डिस्प्लेविषयी. माझे मत आधीच स्पष्ट मांडतो. माणूस न पाठवता वाचन घेणे, दुरून पुरवठा तोडणे किंवा जोडणे, गळती आणि चोरी शोधणे ही मीटरची सगळी कामे वीजकंपनीच्या सोयीची आहेत. ग्राहकाच्या वाट्याला येते ते फक्त एवढेच की, उपकरण चालू असतानाच त्याचा खर्च दिसू शकतो. आणि तो दिसण्याची सोय नसेल, तर ग्राहकापुरते हे मीटर जुन्या मीटरहून फारसे वेगळे उरत नाही.

तुलना करण्याजोग्या पद्धती तीन आहेत. ब्रिटनमध्ये मीटर बसवताना पुरवठादाराने वेगळा आकार न लावता डिस्प्ले देऊ करणे बंधनकारक आहे. विजेचा आकडा झिगबी या कमी अंतराच्या बिनतारी जोडणीवरून सुमारे दहा सेकंदांनी बदलतो. गॅसचा मात्र अर्ध्या तासाने, कारण गॅसचे मीटर बॅटरीवर चालते आणि सतत बोलत राहिले तर ती लवकर संपेल. नेदरलँड्समध्ये भर आहे तो मीटरवरच दिलेल्या पी-१ नावाच्या जोडणीवर. तिला ग्राहक आपल्या पसंतीचे कोणतेही साधन जोडू शकतो आणि नव्या मीटरमधून दर सेकंदाला आकडे मिळतात. जिथे मीटर ग्राहकाला काहीच सांगत नाही, तिथे तिसरा मार्ग उरतो: मुख्य तारेभोवती चिमटा लावणारा किंवा मीटरच्या लुकलुकणाऱ्या दिव्याचे ठोके मोजणारा बाजारातला संच. माझ्या मते दुसरी पद्धत सर्वांत उत्तम आहे, कारण तिथे साधन खराब झाले किंवा पुरवठादार बदलला तरी आकडे ग्राहकाच्याच हातात राहतात.

अर्धविराम:

आपल्या मांडणीतील मूळ गृहीतकच मला मान्य नाही. आकडा दिसला की वापर घटतो, ही समजूत आली कुठून? ऑक्सफर्डमधील सारा डार्बी यांनी २००६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा थेट दिसणाऱ्या माहितीमुळे ५ ते १५ टक्के बचत होते असे चित्र होते. त्यातले बरेच अभ्यास लहान होते. पुढे ब्रिटनमध्ये २००७ ते २०१० या काळात साठ हजारांहून अधिक घरांवर मोठी चाचणी झाली, तेव्हा स्मार्ट मीटर आणि डिस्प्ले मिळालेल्या घरांतली विजेची बचत तीन टक्क्यांच्या आसपास आली. नेदरलँड्समधील एका अभ्यासाचा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चार महिन्यांनी दिसलेली ७.८ टक्के बचत पंधरा महिन्यांच्या अखेरीस टिकली नव्हती. नव्याचे नऊ दिवस, दुसरे काय!

शिवाय डिस्प्ले लक्ष वेधतो तेही चुकीच्या ठिकाणी. दोन किलोवॉटची किटली लावली की आकडा एकदम उसळतो आणि घरभर हळहळ व्यक्त होते. पण ती तीन मिनिटे चालली तर खर्च होते ०.१ युनिट. दिवसातून पाच वेळा लावली तरी अर्धे युनिट. याउलट राउटर, सेट-टॉप बॉक्स, चार्जर यांचा मिळून ६० वॉटचा अखंड भार असेल, तर तो दिवसाला १.४४ आणि वर्षाला सुमारे ५२५ युनिट खातो, आणि पडद्यावर तो कधीही उसळत नाही. हा पायाभार शोधायला डिस्प्ले लागतच नाही. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये अर्ध्या तासाचे आकडे मिळत असतील, तर पहाटे दोन ते चारमधला सर्वांत लहान आकडा पाहावा; तिथे ०.०३ युनिट दिसले की भार ६० वॉटचा आहे हे कळले. त्यासाठी भिंतीवर आणखी एक उपकरण कशाला?

तारयंत्री:

दोघांच्याही मुद्द्यांत एक गोष्ट राहून गेली आहे. डिस्प्ले कसा दिसतो यापेक्षा त्याला आकडा कुठून मिळतो, याला अधिक महत्त्व आहे. आपण ज्या पायाभाराबद्दल बोलत आहात, नेमका तोच बाजारातल्या स्वस्त संचांना नीट मोजता येत नाही.

चिमटा मोजतो फक्त प्रवाह. व्होल्टेज तो पाहतच नाही. कारखान्यात किंवा ग्राहकाने भरलेला एक ठरावीक आकडा धरून गुणाकार करतो. हीटर, गीझर, इस्त्री यांच्या बाबतीत हे जवळपास बरोबर येते. पण छोट्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी प्रत्यक्ष वापरात येणारा हिस्सा, पुष्कळदा कमी असतो, आणि मग चिमट्याचा संच प्रत्यक्ष वॉटऐवजी व्होल्ट गुणिले अँपिअर दाखवतो; हा आकडा खऱ्याच्या दीडपट-दुप्पटही असू शकतो. त्यातच शंभर अँपिअरसाठी बनवलेल्या चिमट्याने पाव अँपिअर मोजायचा, म्हणजे खडीच्या वजनकाट्यावर केशर तोलण्यासारखे आहे. छतावर सौर पॅनेल असतील तर आणखी एक घोळ होतो: व्होल्टेजचा संदर्भ नसल्याने वीज घरात येते आहे की बाहेर जाते आहे हे चिमट्याला समजत नाही, आणि निर्यातही वापर म्हणून दिसते.

दिव्याचे ठोके मोजणारा संच याबाबतीत प्रामाणिक असतो, कारण तो मीटरचीच मोजणी घेतो. मीटरवर १००० ठोक्यांना एक युनिट असे लिहिलेले असेल, तर प्रत्येक ठोका एका वॉट-तासाचा होतो. ३६०० वॉटच्या भाराला दर सेकंदाला एक ठोका पडतो, पण ६० वॉटला मिनिटातून एकच. त्यामुळे चार्जर काढल्यावर आकडा बदलायला मिनिट-दोन मिनिटे थांबावे लागते. मीटरने स्वतः पाठवलेला वॉटचा आकडा मिळत असेल, तर तो या दोहोंपेक्षा निःसंशय चांगला.

अर्थात त्यालाही एक मर्यादा आहे. मीटरच चुकत असेल तर त्याच्यावर चालणारा डिस्प्ले तीच चूक दाखवतो. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले, तेव्हा डिमरवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणावर) चालणाऱ्या एलईडी दिव्यांसारख्या विशिष्ट भारांखाली पाच मीटरांनी खऱ्यापेक्षा अधिक वापर नोंदवला. सर्वांत मोठा फरक ५८२ टक्क्यांचा होता. ती प्रयोगशाळेतली मुद्दाम घडवलेली स्थिती होती आणि तिच्यावरून प्रत्येक बिलावर संशय घेणे योग्य नाही. मात्र मीटरवर शंका असेल तर पडताळा वेगळ्या साधनानेच घ्यावा लागतो, आणि तिथे चिमट्याचा, शक्यतो व्होल्टेजही मोजणारा, संच उपयोगी पडतो.

उंबरठा:

अ‍ॅप पुरेसे आहे असे म्हणताना अर्धविराम यांनी एक किंमत हिशेबात धरलेली नाही. अ‍ॅपमधला आकडा घराबाहेर जाऊन, कंपनीच्या सर्व्हरवर साठून मग आपल्याकडे परत येतो. घरात कोण कधी उठते, घर कधी रिकामे असते, हे त्या नोंदींवरून बऱ्यापैकी ताडता येते. नेदरलँड्समध्ये वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये स्मार्ट मीटरची सक्ती फेटाळली, त्यामागे हीच हरकत होती. डिस्प्लेवरचा दहा सेकंदांचा आकडा मात्र घरातच राहू शकतो. दुसरे म्हणजे अ‍ॅप एकाच्या फोनमध्ये, बहुधा बिल भरणाऱ्याच्या फोनमध्ये असते. वीज वापरतात सगळे. घरातल्या वृद्धांना आणि मुलांना दिसेल असा आकडा भिंतीवरच शोभतो.

अर्धविराम:

खासगीपणाचा मुद्दा वजनदार आहे, पण तो डिस्प्लेच्या बाजूने किती झुकतो याविषयी मला शंका आहे. डिस्प्ले घेतला म्हणून कंपनीकडे जाणाऱ्या अर्ध्या तासाच्या नोंदी थांबत नाहीत. उलट बाजारातले अनेक संच आज वायफायवरून उत्पादकाच्या सर्व्हरला जोडलेले असतात, म्हणजे माहिती एका ऐवजी दोन ठिकाणी जाते. आणि सर्वांना दिसणाऱ्या आकड्याबद्दल बोलायचे, तर त्याचा उपयोग घरातल्या एकाने दुसऱ्यावर पहारा ठेवण्यासाठीच अधिक होतो. जास्त वापर दाखवणारा डिस्प्लेवरचा लाल दिवा लागला की कोणी काय लावले याची चौकशी सुरू होते, आणि ती चौकशी बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या दिशेनेच जाते, हे सांगायला नको.

तारयंत्री यांनी सांगितलेल्या तांत्रिक मर्यादा वाचून तर माझे मत अधिकच पक्के झाले. ज्याला मीटरचा आकडा थेट मिळत नाही, त्याने चिमट्यावर पैसे घालवण्यापेक्षा रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर मीटरचे वाचन वहीत लिहावे.

हिशेबनीस:

वहीचा उपाय चांगला आहे आणि जुन्या मीटरवरही चालतो. परंतु वही किंवा अ‍ॅप पायाभार किती आहे ते सांगते. तो कशाचा आहे ते सांगत नाही. त्यासाठी एकेक उपकरण बंद करून आकडा किती उतरतो ते तिथल्या तिथे पाहावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी मिळणाऱ्या अर्ध्या तासाच्या सरासरीत ते शोधणे फार जिकिरीचे होते. बचत टिकत नाही या आक्षेपाकडेही मी याच दृष्टीने पाहतो. शोध एकदा लागला आणि उपकरण काढून टाकले किंवा बदलले, की पडद्याकडे रोज पाहण्याचे कारणच उरत नाही. मग डिस्प्ले खणात गेला तरी त्याचे काम झालेले असते. तो सतत चालू ठेवायचा असेल, तर त्याचाही भार मोजावा; एका वॉटचे साधन वर्षाला पावणेनऊ युनिट घेते.

जिथे दिवसाच्या वेळेनुसार दर बदलतात, तिथे मात्र डिस्प्ले चालू ठेवण्याला अर्थ आहे. आयर्लंडमध्ये २००९-१० साली झालेल्या चाचणीत एकूण वापर २.५ टक्क्यांनीच घटला, पण गर्दीच्या वेळेतला वापर ८.८ टक्क्यांनी उतरला, आणि डिस्प्ले मिळालेल्या गटात ही घट त्याहून अधिक होती. आत्ता दर महाग आहे की स्वस्त, हे आत्ताच कळावे लागते.

तारयंत्री:

त्याला एक अट जोडतो. रुपयांतला आकडा तेव्हाच विश्वसनीय असतो, जेव्हा दर मीटरमार्फत डिस्प्लेपर्यंत पोहोचतो. ग्राहकाने एकच दर हाताने भरला असेल आणि बिल टप्प्यांच्या दराने येत असेल, तर वरच्या टप्प्यातले शेवटचे युनिट प्रत्यक्षात पडद्यावर दिसते त्यापेक्षा महाग असते. स्थिर आकार तर अशा संचांत बहुधा धरलेलाच नसतो. अशा ठिकाणी डिस्प्ले युनिट आणि वॉट यांवरच ठेवावा.

अर्धविराम:

वेळेनुसार दर आहेत तिथे डिस्प्ले उपयोगी आहे, एवढे मी मान्य करतो. बाकीच्यांसाठी, आपल्याच म्हणण्याप्रमाणे काम एकदाचेच असेल, तर प्रत्येक घराला एक कायमचा डिस्प्ले देण्याऐवजी इमारतीत किंवा ग्रंथालयात असा एक संच ठेवावा आणि ज्याला हवा त्याने तो आठवडाभरासाठी नेऊन परत आणावा.

हिशेबनीस:

पी-१ सारखी खुली जोडणी मीटरवर असेल तर आपली सूचना उत्तम चालेल. ब्रिटनसारख्या पद्धतीत नाही, कारण तिथे डिस्प्ले एका विशिष्ट मीटरशी जोडून द्यावा लागतो आणि शेजाऱ्याच्या घरी नेला तर तो आपोआप चालत नाही. म्हणूनच मी सुरुवातीपासून डिस्प्लेइतकाच आग्रह त्या जोडणीसाठी धरतो आहे.