मदत हवी आहे: डेबियनमध्ये देवनागरी फॉन्टचे नवे पॅकेज

नमस्कार. मुक्त परवान्याचा एक देवनागरी फॉन्ट डेबियन या मुक्त संगणक प्रणालीत पॅकेज (सहज बसवता येणारा संच) म्हणून आणण्याचे काम मी हाती घेतले असून आयटीपी बग (पॅकेज करण्याचा इरादा जाहीर करणारी नोंद) नोंदवून झाला आहे, पॅकेजमधल्या चुका शोधणाऱ्या लिंटियन या साधनाचीही आता काही तक्रार उरलेली नाही. अडचण परवान्याची आहे. हा फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स १.१ खाली आहे आणि मूळ कर्त्यांनी त्याचे नाव राखीव ठेवले आहे. म्हणजे त्यांच्या लेखी परवानगीवाचून बदललेल्या आवृत्तीला ते नाव देता येत नाही. फॉन्टची तयार टीटीएफ फाइल उचलून घालणे सोपे होते, पण डेबियनचा कल स्रोतापासून बांधणी करण्याकडे (आणि तो मला योग्यच वाटतो), म्हणून मी ग्लिफ्स फाइलवरून (फॉन्टच्या संपादनयोग्य मूळ फाइलवरून) फॉन्टमेक या साधनाने बांधणी केली. जोडाक्षरे, अगदी ‘ऱ्या’सुद्धा, नीट उमटतात, मात्र हिंटिंग (पडद्यावर अक्षरे रेखीव दिसावीत म्हणून फॉन्टमध्ये घातलेल्या सूचना) वेगळे झाल्याने फाइल कर्त्यांच्या टीटीएफ फाइलशी तंतोतंत जुळत नाही.

अशी फाइल ‘बदललेली आवृत्ती’ ठरते का? ठरत असल्यास नाव बदलावे, की कर्त्यांची लेखी परवानगी मिळवून ती पॅकेजच्या कॉपीराइट फाइलमध्ये (परवान्याची माहिती असलेल्या फाइलमध्ये) नोंदवणे पुरेल? नव्या पॅकेजांच्या रांगेत परवाना बारकाईने तपासला जातो, त्यामुळे प्रायोजक (माझे पॅकेज तपासून डेबियनमध्ये चढवणारा डेबियन विकासक) शोधण्यापूर्वीच हे मिटवायचे आहे. ज्यांनी स्वतः फॉन्टचे पॅकेज केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.