'सॉलिटॉन'ला 'एकल लाट' म्हणावं का?

प्रश्न: अरेषीय आंशिक अवकल समीकरणांवर (नॉनलिनिअर पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स) मराठीत टिपण लिहितेय. 'सॉलिटरी वेव्ह' आणि 'सॉलिटॉन' या दोन्हींना 'एकल लाट' म्हटलं तर चालेल का? आणि 'एक्झॅक्ट सोल्युशन'ला 'अचूक उकल'?

प्रतिसाद: 'सॉलिटरी वेव्ह'साठी 'एकल लाट' उत्तम. १८३४ साली एडिनबरोजवळच्या युनियन कालव्यात घोड्यांनी ओढलेली नाव एकदम थांबली आणि तिच्या पुढच्या टोकाशी साचलेलं पाणी एकच गुळगुळीत उंचवटा होऊन पुढे निघालं. स्कॉटिश अभियंते जॉन स्कॉट रसेल घोड्यावरून त्या लाटेच्या मागे मैलभराहून जास्त गेले. ताशी आठ-नऊ मैल वेग, फूट-दीड फूट उंची. मागेपुढे दुसरी लाट नाही, म्हणून एकल. 'एकाकी' मात्र नको, त्यात दुःख येतं.

सॉलिटॉनला हाच शब्द दिला तर मुख्य गोष्टच हरवते. १९६५ साली झाबुस्की आणि क्रुस्कल या संशोधकांनी कॉर्टवेग-द व्रीस समीकरण (उथळ पाण्यातल्या लाटांचं) संगणकावर सोडवलं. उंच लाट वेगवान, ती ठेंगणीला गाठते, दोघी मिसळतात आणि आपापला आकार-वेग घेऊन बाहेर पडतात. फरक पडतो तो जागेत: टक्कर झाली नसती तर जिथे असत्या, त्यापेक्षा उंच थोडी पुढे सरकलेली, ठेंगणी थोडी मागे. हे वागणं कणासारखं, म्हणून इलेक्ट्रॉन-प्रोटॉनच्या वळणाचा 'ऑन'. मी 'सॉलिटॉन' तसाच ठेवेन.

दुसरा प्रतिसाद: सहमत. 'अचूक'बद्दल मात्र हरकत आहे. संगणकाने दहा दशांश स्थळांपर्यंत काढलेलं उत्तरही अचूकच असतं, पण इथे अभिप्रेत आहे ते सूत्र. कॉर्टवेग-द व्रीसच्या एकल लाटेचं सूत्र समीकरणात घातलं की सगळी पदं कटून शून्य उरतं. शिवाय वेग ठरला की उंची आणि रुंदीही ठरते: वेग चौपट, तर उंची चौपट आणि रुंदी निम्मी. 'तंतोतंत उकल' म्हणा.

प्रश्नकर्ती: 'तंतोतंत' घेते. मग साइन-गॉर्डन या दुसऱ्या अरेषीय समीकरणातल्या 'किंक' नावाच्या उकलीचं काय? तिथे उंचवटाच नाही, उकल शून्यावरून २π वर चढते आणि तिथेच राहते.

प्रतिसाद: तिला 'पायरी' म्हणा, पण ती सॉलिटॉनच आहे, टकरीतून शाबूत निघते. फाय-चार या आणखी एका अरेषीय समीकरणातली पायरी दिसायला तशीच, पण टकरीत तिची ऊर्जा लहरींच्या रूपाने निसटते, म्हणून ती काटेकोर अर्थाने सॉलिटॉन नाही. नुसत्या आकृतीवरून हा भेद कळत नाही, त्यामुळे टिपणात टकरीची अट शब्दाच्या व्याख्येतच लिहा.