मदत हवी आहे: मोरजीच्या किनाऱ्यावर एकट्याने काइट वर चढवण्यासाठी घरगुती साधन

नमस्कार.

काइटबोर्डिंग (मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या, ओढीवर फळीवरून पाण्यावर धावण्याचा खेळ) करणाऱ्या, शिडाच्या होड्या चालवणाऱ्या किंवा दोर-कड्यांच्या कामाची जाण असलेल्या सदस्यांचा सल्ला हवा आहे. फेब्रुवारी ते मे या काळात गोव्यात मोरजी आणि आश्वे येथे दुपारनंतर वायव्येकडून जो वारा सुटतो, त्यात मी १२ चौरस मीटरचा, हवा भरून फुगवायचा काइट वापरतो. शनिवार-रविवारी ओळखीचे काइटवाले भेटतात, परंतु आठवड्याच्या मधल्या वारी बहुधा मी एकटाच असतो आणि काइट धरून उभा राहणारा माणूस मिळत नाही. साधा पतंग बदवताना एक जण लांब जाऊन हात देतो, तेच काम येथेही असते. फरक इतकाच की हा पतंग माणसाला उचलून नेऊ शकतो. शॅकमधल्या मुलांना विनंती करून पाहिली आहे. ती आनंदाने येतात, पण फुगीव कडेऐवजी मागचे कापड धरतात, आणि तसे धरणे हे कोणी न धरण्यापेक्षा अधिक धोक्याचे असते.

परदेशात काही जण बारचा (काइटच्या दोऱ्या बांधलेल्या, हातात धरायच्या दांडीचा) चिकन लूप (हार्नेसमध्ये, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यात, अडकवायचा फास) गाडीच्या ओढआकड्याला अडकवतात, स्वतः काइटपाशी जाऊन तो कडेवर उभा करतात आणि मग दोऱ्यांच्या कडेने चालत येऊन बार हार्नेसला लावतात. गोव्यात वाळूवर गाडी नेण्यास मनाई असल्यामुळे तो प्रश्न मुळातच मिटतो. गाडीऐवजी वाळूत मेख पुरून तेच करता येईल, असा माझा पहिला विचार होता. मग हिशेब मांडला. १५ नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ७.७ मीटर वारा आणि १२ चौरस मीटर कापड धरले, गुणांक सोयीसाठी १ घेतला, तर ओढ सुमारे ४४ किलो येते. वारा २२ नॉटपर्यंत उसळला तर तीच ९६ किलोच्या आसपास जाते, कारण ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे सगळे काइट एका जागी स्थिर आहे असे समजून केलेले गणित आहे. तोच काइट विंड विंडोच्या (काइट जेथे उडू शकतो त्या, माणसाच्या वाऱ्याखालच्या भागाच्या) मध्यातून झपाट्याने वर गेला, तर त्याला स्वतःच्या गतीमुळे लागणारा वारा मिळून ओढ याच्या कित्येक पट होते. अशा वेळी बार मेखेला अडकलेला, क्विक रिलीज (काइट झटकन सोडवण्याची कळ) माझ्यापासून वीस मीटर दूर आणि मेख कोरड्या भुसभुशीत वाळूत, हे चित्र मला मान्य नाही.

म्हणून रचना उलटी करायचे ठरवले आहे. बार माझ्या हातात, चिकन लूप माझ्या हार्नेसमध्ये, सेफ्टी लीश (बार सोडल्यावरही काइटला धरून ठेवणारी दोरी) लावलेली, आणि मेख बारला नव्हे तर काइटला. काइटच्या फुगीव कडेच्या मध्याशी एक पट्टा लावायचा, तो मेखेला बांधायचा आणि मी दोऱ्या ताणून तयार झालो की दुरून सोडवायचा, इतकीच कल्पना आहे. तपशिलात मात्र पुढील ठिकाणी अडलो आहे.

सोडवण्यासाठी दोन पर्याय डोक्यात आहेत. पहिल्यात पट्ट्याचे टोक वर तोंड असलेल्या उघड्या आकड्यात असते. मी मागची वरची दोरी ओढली की काइट चढू लागतो आणि टोक आपोआप निसटते. दुसऱ्यात एक पिन असते आणि ती मी सुमारे २५ मीटर लांबीच्या बारीक दोरीने ओढतो. पहिला पर्याय सुटसुटीत आहे, पण झुळूक आली तर काइट माझ्या मर्जीशिवाय सुटेल. दुसऱ्यात पिन ताणाखाली अडकून बसण्याची आणि ती लांब दोरी काइटच्या दोऱ्यांत गुंतण्याची भीती वाटते. शिवाय पट्टा काइटला नेमका कशाला लावावा? कडेच्या मध्यावर पंपाची दोरी अडकवण्याचा जो छोटा फास असतो, तो पुरेल का? आणि मेख वाळूत किती खोल असावी?

प्रतिसाद १

साधन बनवण्याआधी पाण्यातून काइट चढवण्याचा सराव केला आहे का? फुगवायच्या काइटचे पेटंट ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या फ्रेंच बंधूंनी १९८४ मध्ये घेतले, ते मुळात पाण्यात पडलेला काइट पुन्हा चढावा यासाठीच. रामेश्वरजवळ मंडपमला उथळ आणि सपाट पाण्यात मी नेहमी तसेच करतो. काइट पाण्यावर सोडायचा, तो दोऱ्या ताणल्या जाईपर्यंत वाहत जातो आणि मग एका बाजूला वळवून वर घ्यायचा.

धागालेखक

आभारी आहे. मंडपमला ते उत्तम जमते. मोरजीला वारा तिरका किनाऱ्याकडे येतो आणि लाटा काठाशीच फुटतात, त्यामुळे पाण्यात सोडलेला काइट वाहून परत वाळूवर किंवा लाटेखाली येतो. लाटेखाली सापडलेल्या काइटचा मधला स्ट्रट (कापडाला आधार देणारी फुगीव नळी) फाटण्यास एकच लाट पुरते.

प्रतिसाद २

मी काइट उडवत नाही. शिडाच्या होड्यांचे दोरकाम करतो. आपली उलटी रचना योग्य आहे आणि तिचा एक फायदा आपण लिहिलेला नाही. बारला मेख लावली असती तर ती किनाऱ्याच्या वरच्या, कोरड्या भागात आली असती. काइट समुद्राच्या बाजूने चढवायचा असल्याने आता मेख पाण्याच्या कडेला, ओल्या आणि दाबलेल्या वाळूत येईल, आणि तेथे पकड कितीतरी चांगली मिळते. मेखेची जागा काइटच्या वाऱ्याकडच्या अंगाला आणि थोडी समुद्राकडे सरकवलेली असावी, म्हणजे आपण दोऱ्या ताणल्यावर पट्ट्याची ओढ आपल्या ओढीच्या विरुद्ध येईल.

उघडा आकडा वापरू नये. आपण काइटपासून बारपर्यंत चालत जाल तेवढा वेळ काइट फक्त त्या आकड्याच्या भरवशावर असेल, आणि नेमका तोच वेळ आपल्या हातात काहीही नसण्याचा आहे. सरळ पिनेबद्दलची आपली शंकाही रास्त आहे. ताण जितका जास्त, तितकी ती घट्ट बसते. शिडाच्या होड्यांवरचा स्प्रिंगचा स्नॅप शॅकल ताणाखाली उघडतो, पण त्याच्या स्प्रिंगमध्ये मिठाची खपली आणि वाळू बसली की तो केव्हा दगा देईल ते सांगता येत नाही. यापेक्षा पॅराशूटवाले वापरतात ती तीन कड्यांची रचना पाहावी. बिल बूथ यांनी ती पॅराशूटसाठी केली. मोठ्या कडीतून मधली कडी आणि मधलीतून लहान कडी उलटवून घ्यायची आणि शेवटच्या लहान कडीवर सुतळीएवढा फास बसवायचा. प्रत्येक कडीगणिक ताण अनेक पटींनी घटतो, त्यामुळे शेवटच्या फासातली पिन दोन बोटांनी निघते. यात स्प्रिंग नसल्याने वाळूचा त्रास कमी होतो. कड्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. साध्या कड्यांवर खाऱ्या हवेत लवकर गंज चढतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. धातूचा एकही तुकडा काइटबरोबर वर जाता कामा नये. तिन्ही कड्या मेखेकडेच राहाव्यात. पट्ट्याऐवजी गुळगुळीत दोर घ्यावा, त्याचे एक टोक मेखेला पक्के बांधावे, दोर काइटमधून ओवून परत आणावा आणि दुसरे टोक कड्यांत धरावे. पिन निघाली की ते टोक सुटून दोर सरकत बाहेर येतो आणि सगळे साहित्य जमिनीवर राहते. त्या टोकाला गाठ नसावी आणि दोर नायलॉनचा नसावा, कारण नायलॉन ताणून शक्ती साठवतो आणि सुटताना चाबकासारखा उसळतो. पॉलिएस्टर चालेल.

प्रतिसाद ३

मी काइट उडवतो, म्हणून दोर कोठून ओवावा ते लिहितो. पंपाच्या फासावर भिस्त ठेवू नका. तो हवा भरताना काइट जागेवर राहावा एवढ्यासाठी शिवलेला असतो आणि त्याची शिवण उसवली तर थेट कडेचे कापड फाटते. पुढच्या दोऱ्यांची जी जाळी फुगीव कडेला मिळते, तिच्या मधल्या पायामागून दोर घालून तो कडेला वळसा देत मेखेकडे न्यावा. ओढ शिवणीवर न येता कडेच्या नळीवर पसरते.

क्रमही महत्त्वाचा आहे. हवा भरल्यावर काइट पाठीवर, कड वाऱ्याकडे करून, दोराला बांधलेला पडू द्यावा आणि कापडावर दोन-तीन ओंजळी ओली वाळू टाकावी. मग बारपाशी जाऊन हार्नेसला लावावा, क्विक रिलीजला हात लावून पाहावा आणि दोऱ्या हळूहळू ताणत बाजूला चालावे. काइट एका टोकावर उभा राहतो, वाळू आपोआप गळून पडते. कापड फडफडत असेल तर आपण वाऱ्याच्या फार खाली आहात; फुगून जोरात ओढत असेल तर फार वर आहात आणि अशा वेळी पिन मुळीच ओढू नये. डिपॉवरचा (काइटची ओढ कमी करणारा) पट्टा पूर्ण ओढलेला असावा. पिनेची दोरी काइटच्या दोऱ्यांच्या वाऱ्याकडच्या बाजूने पसरावी म्हणजे वारा दोऱ्यांना तिच्यापासून दूर ढकलेल. तिचे टोक हातात धरावे, मनगटाला किंवा बारला कधीही बांधू नये.

धागालेखक

दोन्ही प्रतिसादांनी बहुतेक अडचणी सुटल्या. फक्त खोलीचा प्रश्न राहिला. स्क्रूच्या मेखेऐवजी दोन फूट खोल खड्ड्यात आडवी फळी पुरून तिच्या मध्याला दोर बांधण्याचे मनात आहे. वाळूत तिची पकड सर्वांत चांगली असते असे वाचले आहे.

प्रतिसाद ४

फळीची पकड चांगली असते, यात वाद नाही. पण मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि त्यांची घरटी वाळूत साधारण दीड फूट खोल असतात. हा हंगाम नोव्हेंबरपासून सुरू होतो आणि पिले बाहेर पडण्याचे दिवस आपल्या वाऱ्याच्या महिन्यांपर्यंत येतात. वन खाते सापडलेल्या घरट्यांभोवती कुंपण घालते, पण प्रत्येक घरटे सापडलेले असेलच असे नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. त्यामुळे भरतीच्या रेषेच्या वर कोठेही खणू नये. कासवे अंडी त्या रेषेच्या वरच घालतात. भरतीचे पाणी जेथे रोज फिरते त्या पट्ट्यात घरटे टिकत नाही. मेख ओल्या वाळूत घेण्याचे ठरलेच आहे, तेव्हा फळी त्याच पट्ट्यात पुरावी आणि निघताना काढून खड्डा बुजवावा. पूर्ण भरती असलेल्या दुपारी हा पट्टा शिल्लकच राहत नाही. त्या दिवशी हे साधन गाडीतच ठेवावे लागेल.

कड्यांचे पट्टे शिवायला म्हापशाच्या बाजारात ताडपत्री शिवणाऱ्याकडे द्यावेत; त्याच्याकडे जाड सुई आणि पॉलिएस्टरचा दोरा असतो. शिवून आल्यावर काइट न लावता आधी फळी पुरावी, दोराला सामान तोलायचा लटकता काटा लावावा, ३०-४० किलोपर्यंत ओढत जावे आणि तेवढ्या ताणाखाली २५ मीटरवरून पिन निघते का ते पाहावे. नंतर कड्यांवर मुद्दाम ओली वाळू चोळून तीच चाचणी पुन्हा करावी. काटा ५० किलोपर्यंतचाच असतो, म्हणून त्यापुढे ओढू नये.